राजकन्येला निरोप

नवी पेठ, सोलापूर
११ जून २०२४

श्री. मानसिंगराव यांस,
नमस्कार.

अक्षर ओळखणार नाही, कारण तुम्ही ते कधी पाहिलेलंच नाही. मी सुंदरम्मा. ‘स्फटिकगड’ सिनेमातली राजकन्या मेघवती. आता सदुसष्टची झाले, जिना चढताना दोनदा थांबते, आणि तरी ओळख द्यायची वेळ आली की हेच सांगावं लागतं.

तुमचा पुतण्या दिग्विजय मागच्या आठवड्यात घरातल्या लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या दुकानात आला होता. मोडनिंबचे म्हटल्यावर माझ्या मुलानं, शिवयोगीनं, सहज तुमची चौकशी केली. तेव्हा कळलं की तुमच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. “काका आता पाटीवर लिहून बोलतात,” म्हणाला. मला ऐकवेना. तुमचा तो युवराज रणधीरचा खणखणीत आवाज आमच्या घरात सध्या दिवसभर घुमतो आहे. का, ते सांगायलाच हे पत्र.

आमच्या मालकांना, पंचाक्षरींना, विसरण्याचा आजार झालाय. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग दुकानाची वाट. मला वाटायचं माझी पाळी शेवटी येईल, इतका संसार केलाय. ती मधेच आली. एका सकाळी चहा दिला तर वर बघून अगदी सभ्यपणे म्हणाले, “यारव्वा नी?” कोण गं बाई तू?

तेही सोसलं. पण मे महिन्याच्या सुट्टीत नातवंडं जमली आणि शिवयोगीनं टीव्हीवर ‘स्फटिकगड’ लावला. आमच्या घरात तो कधी लागत नसे. मालकांनी बंदी घातली होती असं नाही. सुरू झाला की ते चप्पल घालून दुकानात जायचे, एवढंच. या वेळी मात्र दारात उभं राहून बघू लागले. पोरं अजूनही तशीच बघतात हो. लाकडी घोडा उडाला की टाळ्या, पोपट जादूगाराची नक्कल करतो तेव्हा हसून लोळतात, आणि शेवटी काचेचा गड फुटून मेघवती बाहेर येते तेव्हा मोठी माणसं डोळे पुसतात. मालक हळूच आत येऊन पोरांमध्ये खाली बसले. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “ही पोरगी कुणाची? हिला हितं आणा.”

तेव्हापासून रोज तोच सिनेमा. टीव्हीवर नसला तर माझ्या मोबाईलवर. फोन माझ्या हाती लागतच नाही. मी सांगून पाहिलं, “अहो, ती मीच.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “म्हातारे, लाज वाटू दे की जरा!” सगळे हसले. मीपण हसले. मग मोरीत जाऊन भांडी घासत बसले. ती आधीच घासलेली होती.

हे मी कुणाला सांगू? त्या सिनेमातली माणसं आता आपण दोघंच उरलो. तब्येतीला जपा.

सुंदरम्मा


मोडनिंब
२२ जून २०२४

सौ. सुंदरम्माबाई,

पत्र पोचलं. पोस्टमननं पाकीट देताना विचारलं, “युवराज, कुणाचं?” या गावात म्हातारा पोस्टमनही मला युवराज म्हणतो. डोक्यावर केस नाहीत, गळ्याला भोक आणि त्यावर मफलर, तरी मी युवराजच. डाळिंबाच्या बागेत फवारणीला माणूस बोलवायचा तर आता हातवारे करावे लागतात. त्याचं एवढं काही नाही. आयुष्यभर पुष्कळ बोललो.

माझी सोनाबाई जाऊन आठ वर्षं झाली. टीव्हीवर ‘स्फटिकगड’ लागला की ती मोठ्यानं हाक मारायची, “या लवकर, तुमची थोरली आली बघा!” आणि स्वतःच पहिल्या रांगेत बसायची. तुमच्या घरी चप्पल घालून दुकान गाठत, माझ्या घरी असं. माणसांचे स्वभाव.

तुम्ही लिहिलं ते वाचून नळदुर्ग आठवलं. तुम्हाला धबधब्याखाली उभं केलं होतं. तुम्ही गारठून निळ्या पडला होता आणि दिग्दर्शक ओरडत होते, “वा, अगदी स्फटिक!” मी घोंगडी घेऊन धावलो तर म्हणाले, “युवराज, थांबा, अजून एक शॉट.” तुम्ही तशाच उभ्या राहिलात. आताही तशाच उभ्या आहात असं वाटलं.

मला यातलं वैद्यकीय काही कळत नाही. पण लग्नाचा फोटो दाखवून बघा. त्यात तुम्ही सिनेमातल्यासारख्याच दिसत असाल. त्या चेहऱ्यावरून या चेहऱ्यापर्यंत यायला त्यांना एखादी पायरी मिळेल.

मी ठणठणीत आहे. काळजी नसावी.

मानसिंग


सोलापूर
१० जुलै २०२४

मानसिंगराव,

फोटो दाखवला. बोट ठेवून म्हणाले, “हा मी.” मला इतका आनंद झाला! मग शेजारच्या नवरीवर बोट ठेवून, “ही कोण?” मी म्हटलं, “नीट बघा.” बराच वेळ बघितलं. मुंडावळ्या आहेत, डोळे खाली आहेत, त्यात काय दिसणार? फोटो मला परत दिला. “बिचारी घाबरलीय,” म्हणाले.

आता गोष्ट पुढं गेली आहे आणि मला लिहायला संकोच वाटतो. मालकांचा तुमच्यावर राग आहे. म्हणजे युवराज रणधीरवर. आधी नुसतं पुटपुटायचे. परवा तुम्ही तिला घोड्यावर बसवून नेऊ लागलात तेव्हा हातातला पेला टीव्हीवर फेकला. काच फुटली. शिवयोगीनं दुसरा टीव्ही आणला, पण आता ते खुर्ची घेऊन दारातच बसतात. रणधीर येईल आणि पोरीला पळवून नेईल म्हणून राखण. जेवायला उठत नाहीत. घास भरवायला गेले तर हात झटकतात. “त्यो आला तर?” अंग अर्धं झालंय त्यांचं.

डॉक्टर म्हणाले, समजूत घालू नका, वाद घालू नका. ते ज्या जगात आहेत तिथं तुम्ही जा. सांगायला सोपं आहे. त्या जगात मला जागाच नाही.

काल मला जवळ बोलावलं. “बाई, तुला लिव्हायला येतंय न्हवं? त्या रणधीरला कागद लिव. म्हणावं, आमच्या पोरीचा नाद सोड.” मी कागद घेऊन बसले. तुमच्याशिवाय दुसरा पत्ता मला माहीत नाही.

तुम्ही युवराजाच्या वतीनं चार ओळी लिहाल का? की मी येणार नाही, तुम्ही निवांत जेवा. वेडेपणा आहे, मला समजतं. पण तुम्ही लिहिलेलं ते मानतील, माझं नाही.

सुंदरम्मा


सोलापूर
२ ऑगस्ट २०२४

मानसिंगराव,

उत्तर आलं नाही. मी मागितलं ते तुम्हाला आवडलं नसेल तर सोडून द्या. राग धरू नका. इथं तसंच चाललंय. काल दोन चमचे ताक गेलं पोटात.

सुंदरम्मा


मोडनिंब
१४ ऑगस्ट २०२४

सौ. सुंदरम्माबाई,

उशीर झाला, माफ करा. थोडा बाहेरगावी होतो. राग कसला? सोबत कागद जोडला आहे. सिनेमातली भाषा वापरली. जास्त झालं असेल तिथं खोडा.

मानसिंग

(सोबतचा कागद)

श्रीमंत पंचाक्षरी यांस युवराज रणधीर याचा मुजरा.

राजकन्या मेघवतीवरून आपल्या मनात माझ्याविषयी किंतु आहे, असे कानी आले. तो दूर व्हावा म्हणून लिहितो.

मी तिला जादूगाराच्या गडातून सोडवले, हे खरे. परंतु सोडवणाऱ्याचा सोडवलेल्यावर हक्क बसतो, असा कायदा कोणत्याही राज्यात नाही. गड फुटला, ती बाहेर आली आणि तिने समोर पाहिले. लोकांना वाटते, ती माझ्याकडे पाहत होती. मी सर्वांत जवळ उभा होतो, मला ठाऊक आहे. ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. तिथे कोण होते, हे मी तिला विचारले नाही. विचारण्याचे धैर्य युवराजांनाही नसते.

मी तिला आपल्या हवाली करतो असे म्हणणार नाही, कारण ती माझी कधीच नव्हती. आपण तिला जपलेत, याचा मला आनंद आहे. माझा घोडा लाकडाचा, आता म्हातारा झाला. मी पुन्हा येणार नाही. तिच्या पायाला खडा लागू नये, तिच्या ताटातला भात निवू नये, एवढेच मागणे.

आपण दारातून उठावे आणि जेवून घ्यावे.

रणधीर


सोलापूर
२१ ऑगस्ट २०२४

मानसिंगराव,

कागद वाचून दाखवला. काय सांगू! पहिल्यांदा भुवया वर, मग मान हलू लागली, आणि “मी पुन्हा येणार नाही” आलं तेव्हा त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला. “शाना मानूस हाय,” म्हणाले. “उगंच शिव्या दिल्या त्याला.” कागद घडी करून खिशात ठेवला आणि आपण होऊन ताटावर येऊन बसले. भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मी शेजारी बसून नुसती बघत होते. शिवयोगी दुकानातून घरी आला तर दारात खुर्ची रिकामी. तोही रडला. तुमचे उपकार आहेत.

पण माणसाचं मन बघा. रणधीर गेला, म्हणजे पोरगी मोकळी झाली. आता ती इथं येणार. रोज सकाळी अंघोळ करून धुवट सदरा मागतात. मला हुकूम होतो, “बाई, हुग्गी कर. पोरीला गोड आवडत आसंल.” मी गहू कांडून, गूळ घालून हुग्गी शिजवते. ते तिचं ताट मांडायला लावतात, शेजारी दुकानातलं नवं लुगडं ठेवायला लावतात. ती येत नाही. संध्याकाळी ते ताट मी खाते. चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.

मानसिंगराव, त्या पोरीचा मला हेवा वाटू लागलाय. वीस वर्षांची होते, काही कळत नव्हतं. वडील नाटक कंपनीत पेटी वाजवायचे म्हणून कुणीतरी मला नेऊन कॅमेऱ्यापुढं उभं केलं. तिनं काय केलं हो? धबधब्याखाली उभी राहिली आणि रडली. भाकऱ्या मी थापल्या. पोरं मी वाढवली. यांच्या आईचं शेवटचं सगळं मी केलं. आणि नवं लुगडं, गोड ताट, वाट बघणं, सगळं तिला.

असो. तुमचा कागद मी त्यांच्या आधी एकटीनं दोनदा वाचला होता. काही खोडलं नाही. युवराजाचं किती आणि तुमचं किती, हे मी विचारणार नाही. विचारण्याचं धैर्य राजकन्यांनाही नसतं.

तुम्ही बाहेरगावी जाण्याइतके बरे आहात हे वाचून बरं वाटलं. एकदा सोलापूरला या ना. घरी या.

सुंदरम्मा


मोडनिंब
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय काकू,

सा. न. मी दिग्विजय. काकांना न विचारता लिहितोय, कारण विचारलं असतं तर त्यांनी पाटीवर “नको” लिहिलं असतं.

काका बाहेरगावी नव्हते. जुलैत मानेवर परत गाठ आली. पुण्याला तपासण्या केल्या. त्या काळात दवाखान्यात पलंगावर बसून ते एक कागद लिहायचे आणि फाडायचे. नर्सनं विचारलं, मृत्युपत्र आहे का? काकांनी पाटीवर लिहिलं, “राजपत्र.” तो कागद तुमच्याकडे आला असेल.

पुन्हा ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणतात. रेडिएशनचा शेक देणार आहेत. त्यासाठी पुढच्या आठवड्यात त्यांना सोलापूरलाच होटगी रोडच्या बाजूच्या एका दवाखान्यात ठेवतोय. मी जवळ असेन. तुमचं पत्र आलं की त्या दिवशी काका नीट जेवतात, म्हणून हे लिहिलं. चुकलं असल्यास क्षमा असावी.

आपला,
दिग्विजय


सोलापूर
१९ सप्टेंबर २०२४

मानसिंगराव,

ठणठणीत म्हणे! मी त्या पाच अक्षरांवर विश्वास ठेवला. मी इथं हुग्गीचं रडगाणं गात बसले आणि तुम्ही तिकडं सुया टोचून घेत होता. दिग्विजयला रागवू नका. रागवायचं तर मला तुमच्यावर रागवायचंय, पण समोरासमोर.

तेही होईना. मंगळवारी मी निघाले होते. मालक जेवून झोपले होते, सून घरात होती. तुमच्यासाठी मऊ खिचडी केली, डबा घेतला, रिक्षात बसले. सात रस्ता चौकाच्या पुढं गेलो असू, तेवढ्यात रिक्षावाल्याच्या फोनवर शिवयोगीचा फोन. माझा मोबाईल मालकांकडं, म्हणून त्यानं ओळखीचीच रिक्षा करून दिली होती. “अव्वा, परत फिर. अप्पा घरात नाहीत.”

तुमचा दवाखाना तिथून दहा मिनिटांवर होता. रिक्षावाला विचारतोय, “अम्मा, किधर लेना?” मला तोंडातून शब्द काढता येईना. डबा मांडीवर गरम लागत होता. एकीकडं तुम्ही, एकीकडं ते, आणि मी मधे रस्त्यात. शेवटी हातानं मागं फिर म्हणून खुणावलं. तुम्हाला आता असंच बोलावं लागत असेल, नाही?

मालक सापडले भुईकोट किल्ल्याच्या दारात. पायात चप्पल नाही. फाटकावरच्या माणसाला बजावत होते, “दार उघड. आत आमची पोरगी हाय. काचंत अडकलीय.” तो बिचारा म्हणत होता, आजोबा, तिकीट काढा आणि आत जाऊन बघा. लोक मोबाईलवर चित्रण करत होते. मी गर्दीतून पुढं झाले, हात धरला. मला म्हणाले, “बाई, बरं झालं तू आलीस. ह्यांना सांग की जरा.”

मी काय सांगू, मानसिंगराव? मी त्या माणसाला सांगितलं, “दादा, त्यांची मुलगी घरी आली आहे, म्हणून न्यायला आले.” घरी येईपर्यंत ते विसरले. खिचडी मालकांनी खाल्ली.

आता दाराला आतून कुलूप असतं. किल्ली माझ्या कमरेला. त्यांना ठेवून मी येऊ शकत नाही. तुम्हाला उठता-चालता येत असेल, डॉक्टर सोडत असतील, तर तुम्हीच या. जवळच आहात. इतक्या जवळ आयुष्यात कधी नव्हता.

सुंदरम्मा


मोडनिंब
३० सप्टेंबर २०२४

सुंदरम्माबाई,

रविवारी तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही चहा करायला आत गेलात, मग सून बाहेर आली, नातवंडं पाया पडली, आणि पाटीवर लिहायचं ते राहूनच गेलं. खरं तर तुम्ही दार उघडलंत तेव्हाच पाटीवर काय लिहायचं ते मला सुचेना. सत्तेचाळीस वर्षांनी माणूस काय लिहितो? मी “नमस्कार” लिहिलं. तुम्ही म्हणालात, “किती वाळलात.” तेवढंच आपलं बोलणं.

पण तुम्ही आत होतात तेव्हा बाहेर जे झालं ते तुम्हाला सांगणं माझं काम आहे. म्हणून दिग्विजयला उशी लावायला सांगून बसलो आहे.

मी भीत होतो. वाटलं, ओळखलं तर? पेला माझ्यावर येईल. पंचाक्षरींनी मला खुर्ची दिली. “बसा पावनं. लांबून आलाय जणू.” टीव्हीवर मी चालू होतो. घोड्यावर. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, पडद्यावरच्या. “हा रणधीर. लई वाईट वाटलं होतं मला त्याचं. पर कागद लिव्हला त्यानं. मोठ्या मनाचा.” खिशातून कागद काढून मला वाचायला दिला. घड्यांवर फाटत आला आहे. मी माझंच अक्षर वाचलं आणि मान डोलावली. “पटलं न्हवं?” मी पुन्हा मान डोलावली. “तुमी बोलत न्हाय?” मी गळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला. “बरं हाय. न बोलणाऱ्याला समदं सांगता येतंय.”

मग खुर्ची पुढं ओढून, स्वयंपाकघराकडे बघत, हळू आवाजात बोलू लागले. त्यांचे शब्द मी शक्य तितके तसेच लिहितो.

“त्या आत चहा करतात न्हवं, त्या बाई. कुणाच्या हाईत ठावं न्हाय. दिसभर हितंच आसत्यात. मी वरडतो, हात झटकतो, त्या रागवत न्हाईत. परवा मला रस्त्यात लोकांनी घेरलं, तर ह्याच आल्या. त्यास्नी घर न्हाय वाटतं. आसतं तर गेल्या न्हसत्या का?

“आता ती पोरगी येनार. राजाची हाय. तिच्या संगं दासी येनार, नोकर येनार. मग ह्या बाईंनी कुटं जायाचं? झोप लागंना मला त्या काळजीनं. ह्या वयात कोन ठिवून घेनार?”

पडद्यावर गड फुटत होता. ते तिकडे बघतही नव्हते. मग माझा गुडघा धरून म्हणाले, “पावनं, तुमी फिरता मानूस दिसता. कुटं ती पोरगी भेटली तर येवडा निरोप द्याल का? म्हनावं, तू लई गोड हाईस, तुजी लई वाट बघितली. पर येऊ नगंस. हितं एक बाई हाईत, त्यास्नी जागा लागती.”

मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात आणि त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, की हिला कळू देऊ नका.

निरोप ज्या राजकन्येसाठी होता तिच्यापर्यंत पोचवला आहे. येऊ नकोस. तिथं एक बाई आहे.

आता माझं. शेक थांबवला. उपयोग नाही म्हणाले, घरी न्या म्हणाले. मी लपवत नाही, तुमचा एक राग पुरे. दुखतं, पण घरचं अंथरूण आहे, खिडकीतून डाळिंबं दिसतात. तुम्ही यायचं मनात आणू नका. किल्ली कमरेलाच असू द्या.

मानसिंग


सोलापूर
५ ऑक्टोबर २०२४

मानसिंगराव,

पत्र काल आलं. मी ते मोरीत जाऊन वाचलं. या वेळी भांडी घासली नाहीत.

बाहेर आले तर मालक टीव्ही बंद करून बसले होते. का बंद केला ते मला माहीत नाही. कदाचित बटण चुकून दाबलं गेलं असेल. मी हुग्गीला गहू काढू लागले तर म्हणाले, “आज नको. तुमी बसा जरा.” त्यांच्या तोंडून ‘तुमी’ मी पहिल्यांदा ऐकलं. मी बसले. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता ओळखतात. आता. पण नाही.

“तुमचं नाव काय?” म्हणाले.

“सुंदरम्मा.”

“चांगलं हाय.” मग थोड्या वेळानं, “तुमी कुटं जानार न्हाय न्हवं?”

मी म्हटलं, “न्हाय.”

आज सकाळी पुन्हा नाव विचारलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा म्हणाले, चांगलं हाय.

मोडनिंब इथून तासाभराचा रस्ता. शिवयोगी म्हणतो, मी सोडतो, तू जाऊन ये, अप्पांजवळ मी बसतो. पण मी नजरेआड झाले की ते किल्लीसाठी दार बडवतात. काल तळहात सोलून निघाले. तिकडं तुम्हाला दुखत असताना मी इथं बसून त्या हाताला हळद लावते आहे. मला दुसरं काही करता येत नाही.

दिग्विजयला सांगा, हे पत्र तुम्हाला वाचून दाखव. डोळे मिटलेले असले तरी वाच म्हणावं. मोठ्यानं वाच.

सुंदरम्मा